अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स

‘द लेजेंड ऑफ झेल्डा : अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स’ हा जपानमधील निन्टेंडो कंपनीने निन्टेंडो ३डीएस या हातात धरून खेळण्याच्या कन्सोलसाठी २०१३ साली आणलेला, वरून खाली पाहिल्यासारखे दृश्य असलेला अद्‌भुतरम्य साहसी व्हिडिओ गेम आहे. १९९१ साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आलेल्या ‘अ लिंक टू द पास्ट’ या गेमचा हा उत्तरभाग असून जपानी आवृत्तीत तर जुन्याच नावापुढे २ हा आकडा जोडून तो विकला गेला. अमेरिका आणि युरोपात तो २२ नोव्हेंबर २०१३ रोजी आणि जपानमध्ये २६ डिसेंबर २०१३ रोजी बाजारात आला. त्याचे दिग्दर्शन हिरोमासा शिकाता यांनी केले, निर्माते एइजी आओनुमा होते आणि संगीत र्‍यो नागामात्सु यांचे होते.

झेल्डा मालिकेतला पहिला गेम १९८६ सालचा. त्यात नायक, शत्रू, झाडे आणि डोंगर हे सारे वरून दिसत असे आणि नायक पडद्याच्या कडेला पोहोचला की शेजारचा चौकोन सरकत पुढे येई. शिगेरू मियामोतो निर्माते आणि ताकाशी तेझुका दिग्दर्शक असलेल्या १९९१ च्या गेमने ही मांडणी परिपक्व केली. एकाच नकाशाच्या उजेडाचे जग आणि अंधाराचे जग अशा दोन आवृत्त्या करून, एकीतला अडथळा दुसरीत जाऊन पार करायचा ही त्याची मुख्य युक्ती होती. १९९८ पासून मालिकेतले मोठे गेम त्रिमितीय झाले, कॅमेरा नायकाच्या पाठीमागे गेला आणि वरून पाहण्याची जुनी रीत मुख्यतः हातातल्या कन्सोलांपुरती उरली. बावीस वर्षांनी आलेल्या या उत्तरभागाने ती रीत आणि जुना नकाशा दोन्ही परत आणले. गावे, तळे, वाळवंट आणि डोंगर बहुतांशी पूर्वीच्याच जागी आहेत, त्यामुळे १९९१ चा गेम खेळलेल्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. नवीन आहे ती त्या वाटांवरून जाण्याची तऱ्हा.

गोव्यातल्या मराठी वाचकाचा या मालिकेशी संबंध बहुधा उलट्या क्रमाने आला आहे. १९९० च्या दशकात पणजी, मडगाव, म्हापसा येथील दुकानांत मिळत ते टीव्हीला जोडायचे स्वस्त नकली संच. त्यांच्या पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटमध्ये धावण्याचे, उड्या मारण्याचे आणि गोळीबाराचे गेम ठासून भरलेले असत. खेळ अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करण्याची सोय त्यांत क्वचितच असे, आणि लांबलचक साहसी गेमला तर ती हवीच. अस्सल सुपर निन्टेंडो (सुपर फॅमिकॉमचेच जपानबाहेरचे नाव) एखाद्याच घरात, आखातात नोकरीला असलेल्या मामाने किंवा बोटीवर असलेल्या काकाने आणलेला दिसे. त्यामुळे येथील अनेकांनी हायरूल या मालिकेतल्या राज्याचा नकाशा प्रथम पाहिला तो या उत्तरभागात, आणि मूळ गेम त्यांनी नंतर मागे जाऊन खेळला. तसे करण्यात फारसे काही बिघडत नाही, कारण दोन्ही कथांमध्ये अनेक पिढ्यांचे अंतर आहे आणि पूर्वकथा जेवढी लागते तेवढी गेमच सांगतो.

कथेचा नायक लिंक हा लोहाराकडे काम शिकणारा मुलगा आहे. हायरूलच्या राजवाड्यातील पहारेकऱ्यांचा कप्तान आपली तलवार विसरून गेल्यामुळे ती पोहोचवायला लिंकला पाठवले जाते आणि वाटेतच युगा नावाचा जादूगार पुजाऱ्याच्या मुलीला भिंतीवरच्या चित्रात रूपांतरित करताना त्याला दिसतो. पूर्वीच्या सात ऋषींच्या वंशजांना अशा रीतीने चित्रे बनवून, त्यांच्या शक्तीने गॅनन या जुन्या राक्षसाला जागे करायचे असा युगाचा डाव असतो. राजकन्या झेल्डाचेही चित्र होते. तीन पदके मिळवून मास्टर तलवार हाती घेतलेला लिंक युगाच्या मागोमाग एका फटीतून लोरूल या दुसऱ्या राज्यात जाऊन पडतो. लोरूल म्हणजे हायरूलचेच भंगलेले रूप आहे : तोच नकाशा, पण जमीन जागोजागी खचून मधे दऱ्या पडलेल्या, लोक खंगलेले आणि राजकन्या हिल्डा ही झेल्डाची प्रतिरूप. लोरूलची ही दशा का झाली याचा उलगडा शेवटी होतो. आपापसातील युद्धे थांबावीत म्हणून तेथील पूर्वजांनी आपला पवित्र ट्रायफोर्सच, म्हणजे इच्छा पूर्ण करणारे तीन सोनेरी त्रिकोणच, नष्ट केला आणि त्याबरोबर भूमीचा आधार गेला. हायरूलचा ट्रायफोर्स पळवून आपले राज्य वाचवू पाहणारी हिल्डा, आणि तिचा बेत न पटल्यामुळे पळून आलेला, सशाच्या टोपीत तोंड लपवणारा व्यापारी रॅव्हियो या दोन पात्रांमुळे एरवी सरधोपट वाटणारी कथा शेवटच्या अर्ध्या तासात एकदम वजनदार होते. युगा मात्र अखेरपर्यंत नाटकी खलनायकच राहतो.

गेमची खरी ओळख म्हणजे भिंतीत शिरण्याची शक्ती. पूर्वेच्या मंदिरात युगा लिंकलाही चित्र करून भिंतीवर डकवतो आणि निघून जातो, पण रॅव्हियोने दिलेल्या कड्यामुळे लिंक भिंतीतून सुटतो आणि तेव्हापासून हवे तेव्हा चित्र होऊ लागतो. भिंतीलगत उभे राहून बटण दाबले की नायक सपाट होऊन तिच्यावर उमटतो आणि वरून पाहणारा कॅमेरा झरकन खाली उतरून भिंतीच्या समोर येतो. आता फक्त डावीकडे आणि उजवीकडे सरकता येते, वर-खाली नाही. लगेच त्याच मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरून पुढे जायची वेळ येते. कोपऱ्यावरून वळताना कॅमेराही वळतो, भिंतीखाली मोकळी दरी दिसते आणि पडद्याच्या कडेला जांभळी पट्टी भराभर कमी होत असते, कारण ती संपली की लिंक भिंतीतून बाहेर फेकला जातो. भिंतीबाहेर आलेले दगडी कोरीवकाम वाट अडवते, उलट लोखंडी गजांमधल्या बोटभर फटीतून चित्र सहज निसटते. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवून आणि ती खरवडून काढलेली लाल-पांढरी कावी चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कल्पनेची गंमत अधिक जाणवेल, कारण इथेही आकृती भिंतीवर चिकटवलेली वाटत नाही, ती भिंतीच्या अंगातच असते.

या एका युक्तीने वरून पाहण्याच्या खेळातली जुनी गृहीतके उलटतात. अशा खेळात भिंत म्हणजे वाट संपल्याची खूण, म्हणून खेळणाऱ्याचे डोळे तिच्यावर ठरतच नाहीत. इथे मात्र प्रत्येक भिंत ही संभाव्य वाट आहे. डोंगराच्या कड्यावरून पलीकडच्या टेकाडावर जाता येते, सरकत्या ठोकळ्याच्या अंगावर चित्र होऊन स्वार होता येते, आणि दोन्ही राज्यांमधल्या फटीही भिंतींवरच असल्यामुळे ये-जा चित्र होऊनच करावी लागते. हेराच्या मनोऱ्यात तर आतल्या खोलीतून बाहेर पडून मनोऱ्याच्या गोल भिंतीला वळसा घालावा लागतो, आणि एरवी केवळ छप्पर म्हणून दिसणारी वास्तू सर्व बाजूंनी डोळ्यांसमोर फिरते. खोलीत अडकून पडलेला खेळाडू पुष्कळदा जमिनीवरची कळ शोधत बसतो आणि उत्तर त्याच्या कोपराजवळच्या भिंतीत असते.

चित्रण जुन्या धाटणीचे भासले तरी ते संपूर्ण त्रिमितीय आहे. कॅमेरा खरोखर डोक्यावर ठेवला तर माणसांची फक्त टाळू आणि घरांची फक्त कौले दिसतील. सुपर फॅमिकॉमसारख्या सोळा बिटच्या कन्सोलांच्या काळात चित्रकार हाताने रेखाटत असल्यामुळे एकाच वेळी टाळू आणि चेहरा दाखवण्याची चलाखी सहज जमे. त्रिमितीत तेच साधावे म्हणून निर्मात्यांनी पात्रे आणि वस्तू मागच्या बाजूला कलवून ठेवल्या. बाजूने पाहिले तर सगळी माणसे उताणी कलंडलेली दिसतील, पण खेळाडूला ती बाजू कधी दिसतच नाही. चष्म्याविना खोली दाखवणाऱ्या ३डीएसच्या पडद्यावर हा गेम सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने चालतो, तोही खोलीचा परिणाम चालू असताना. उंचावरून खालच्या मजल्यावर उडी टाकायची कोडी त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी जोखता येतात.

दुसरा मोठा बदल हत्यारांच्या बाबतीत आहे. मालिकेच्या रूढ रचनेत प्रत्येक भुयारी किल्ल्यात एक नवे हत्यार सापडते आणि त्याच्याशिवाय पुढचा किल्ला उघडत नाही, म्हणून क्रम ठरलेला असतो. इथे रॅव्हियो लिंकच्याच घरात दुकान थाटतो आणि धनुष्य, बॉम्ब, हातोडा, बूमरँग, अग्निदंड, हिमदंड ही सगळी अवजारे भाड्याने देतो. लिंक हरला की रॅव्हियोचा पाळीव पक्षी येऊन भाड्याची सारी हत्यारे उचलून नेतो आणि पुन्हा भाडे भरावे लागते. पुढे ती कायमची विकतही घेता येतात, पण किंमत भाड्याच्या कित्येक पट असते. याचा परिणाम असा की लोरूलमधले सात किल्ले जवळपास कोणत्याही क्रमाने घेता येतात. फक्त वाळवंटातल्या किल्ल्यासाठी लागणारा वाळूदंड आधी एका ऋषीची सुटका केल्यावरच मिळतो. बाण आणि बॉम्ब मोजून ठेवण्याची कटकटही गेली, कारण सर्व अवजारे त्याच आपोआप भरणाऱ्या जांभळ्या पट्टीवर चालतात.

ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. खेळाडूने कोणता किल्ला आधी घेतला हे ठाऊक नसल्यामुळे निर्मात्यांना सगळ्या किल्ल्यांची अवघडपातळी जवळपास सारखी ठेवावी लागली, आणि बहुतेक किल्ले एकाच अवजाराभोवती फिरतात. कोणते अवजार लागेल हे दाराशीच कळते. शेवटच्या टप्प्यात लिंकची ताकद वाढलेली असते आणि शत्रू मात्र पहिल्या किल्ल्यातल्याइतकेच तगडे, त्यामुळे शेवटचे दोन-तीन किल्ले हातासरशी आटोपतात. भाड्याची टांगती तलवारही सराईत खेळाडूला फारशी टोचत नाही, कारण गवत कापले, मडकी फोडली, पेट्या उघडल्या की पैसा मुबलक मिळतो. एकदा खेळ संपवल्यावर खुल्या होणाऱ्या हीरो प्रकारात मार चौपट बसतो. भाड्याच्या व्यवस्थेतली जोखीम खऱ्या अर्थाने तिथे कळते, म्हणून ज्यांना आव्हान हवे त्यांनी दुसरी फेरी टाळू नये.

आडवाटांचा साठा मोठा आहे. मायामाय नावाचे शंखासारखे शंभर चिमुकले जीव दोन्ही राज्यांत भिंतींवर, झाडांवर, दगडांखाली लपलेले असतात. त्यांच्या केविलवाण्या आवाजावरून ते शोधायचे आणि गुहेत बसलेल्या त्यांच्या आईकडे पोहोचवायचे. दर दहा पिल्लांमागे ती एक अवजार अधिक जोरकस करून देते, पण ते विकत घेतलेलेच असावे लागते, भाड्याचे चालत नाही. नकाशा खालच्या पडद्यावर सतत उघडा असतो आणि त्यावर खुणा करता येतात, त्यामुळे हा शोध कंटाळवाणा होत नाही. रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्या ३डीएसधारकाची सावली शत्रू म्हणून उतरवणारी द्वंद्वाची सोयही आहे. जपानी शहरांतल्या गर्दीत ती शोभते. पणजीच्या कदंब बसस्थानकावर कन्सोल खिशात घेऊन दिवसभर बसले तरी अशी सावली मिळण्याची शक्यता नगण्यच.

संगीतात कोजी कोंडो यांच्या १९९१ मधल्या चाली नव्या वाद्यमेळात ऐकू येतात. काकारिको गावातल्या दूधबारमध्ये दोन वादक बसलेले असतात आणि थोडे पैसे दिले की ते जुन्या-नव्या चाली संथपणे वाजवून दाखवतात.

या गेमची सुरुवात उत्तरभाग म्हणून झालेली नव्हती. मालिकेतल्या २००९ च्या ‘स्पिरिट ट्रॅक्स’ या गेमनंतर लहानशा गटाने नव्या हातातल्या कन्सोलसाठी विचार सुरू केला आणि भिंतीत शिरण्याची कल्पना त्या चर्चांतून निघाली, पण माणसे दुसऱ्या कामांवर गेल्यामुळे प्रकल्प काही काळ बाजूला पडला. तो पुन्हा हाती घेतल्यावर मियामोतो यांच्या सूचनेनुसार ‘अ लिंक टू द पास्ट’चा भूगोल आधाराला घेण्यात आला. भिंतींची कल्पना आधी आली आणि जुना नकाशा नंतर, हा क्रम लक्षात घेतला की केवळ जुन्या आठवणींवर पैसे कमावण्यासाठी हा उत्तरभाग काढला असा आरोप टिकत नाही.

एप्रिल २०१३ मध्ये घोषणा झालेल्या या गेमचे समीक्षकांनी जोरदार स्वागत केले. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याला १०० पैकी ९१ गुण आहेत, तर गेमस्पॉट या संकेतस्थळाने त्याला २०१३ चा सर्वोत्कृष्ट गेम ठरवले. हेच दृश्यतंत्र वापरून शिकाता यांच्याच दिग्दर्शनाखाली २०१५ साली तिघांनी मिळून खेळायचा ‘ट्राय फोर्स हीरोज’ आला, आणि २०२४ च्या ‘एकोज ऑफ विज्डम’मध्ये हायरूलचा तोच ओळखीचा भूगोल विस्तारून वापरलेला दिसतो. खुद्द ‘अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स’ मात्र ३डीएसलाच बांधलेला राहिला आहे. मार्च २०२३ मध्ये या कन्सोलचे ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद झाल्यापासून तो नव्याने खेळू इच्छिणाऱ्याला वापरलेले कार्ट्रिजच शोधावे लागते. ३डीएसला प्रदेशबंधन असल्यामुळे जपानी कार्ट्रिज अमेरिकी किंवा युरोपीय कन्सोलवर चालत नाही, तेव्हा परदेशातल्या नातलगाकडून ते मागवताना आपला कन्सोल कोणत्या प्रदेशाचा आहे हे आधी पाहावे लागते.