स्वरयंत्र काढल्यावर बोलायचं कसं? उपायांची पार्श्वभूमी

३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेलं स्वरयंत्र पूर्ण काढलं. त्या रुग्णासाठी त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्रही बनवलं. म्हणजे आवाजाची काळजी पहिल्यापासूनच होती; परवडणारा उपाय मात्र फार उशिरा आला.

सोलापूरला हा विषय लांबचा नाही. इथे विड्या वळून हजारो बायकांची घरं चालतात. (वळणाऱ्या वेगळ्या, ओढणारे वेगळे, या कर्करोगाचं मोठं कारण ओढणं.) देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही १९८७ साली याच जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली.

ऑपरेशननंतर श्वास गळ्याच्या पुढच्या भोकातून चालतो. नाकातून गाळून, ओलसर होऊन येणारी हवा बंद होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, वाऱ्याधुळीत भोकावर ओला रुमाल किंवा फिल्टर लागतो, आणि अंघोळ करताना पाणी आत जाणार नाही हे बघावं लागतं.

बोलण्याचा जुना मार्ग म्हणजे अन्ननलिकेत हवा घेऊन ढेकरेसारखी सोडत शब्द काढणं. खर्च शून्य, पण शिकायला महिने जातात आणि सगळ्यांना जमतंच असं नाही. दुसरा मार्ग गळ्याला टेकवायचं बॅटरीचं यंत्र. आवाज एकसुरी, मशीनसारखा. फोनवर अनोळखी माणूस ऐकून ठेवून देतो. शिवाय फुप्फुसाची हवा तोंडात येत नसल्याने 'ह' उमटत नाही आणि क-ग, प-ब सारखेच ऐकू येतात.

मोठा बदल घडवला अमेरिकेतल्या मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी, १९८० च्या सुमारास. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटं छिद्र, त्यात सिलिकॉनचा एकाच दिशेने उघडणारा वॉल्व्ह. भोकावर अंगठा दाबला की फुप्फुसाची हवा अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि आवाज निघतो. कित्येक जण थोड्याच दिवसांत बोलू लागतात.

अडचण किमतीची. आयात वॉल्व्ह हजारो रुपयांचा, आणि बुरशी धरल्याने काही महिन्यांत गळू लागतो. बेंगळुरूचे सर्जन डॉ. विशाल राव यांनी साधारण ५० रुपयांचा वॉल्व्ह तयार केला, तो याचसाठी. पण वॉल्व्ह स्वस्त झाला म्हणून खेप वाचत नाही. चहाचा घोट श्वासनलिकेत उतरून ठसका लागला की अक्कलकोट-मंगळवेढ्याच्या माणसाला तो बदलायला मोठं रुग्णालय गाठावंच लागतं. त्या दिवशीचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी किमतीत कोणी धरत नाही.