मुलांच्या गोष्टीतले नवेपण कसे मोजावे?

मालवण तालुक्यातील एका शाळेत पाचवीच्या मुलांना ‘जाळे, कंदील, आजी’ हे तीन शब्द देऊन गोष्ट लिहायला सांगितली होती आणि परीक्षक म्हणून चाळीस कागद माझ्यापुढे आले. पहिल्याच कागदावर पहाटेची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेली मासेमारी होती: ओल्या वाळूत पाय रोवून दोर ओढणारी माणसे आणि कंदील धरून उभी असलेली आजी. मी हरखलो आणि पाचपैकी पाच गुण देऊन मोकळा झालो. पंधराव्या कागदापर्यंत पोहोचलो तेव्हा रापणीच्या सहा गोष्टी वाचून झाल्या होत्या. माझे बालपण घाटावर गेल्यामुळे रापण मला नवी होती. त्या मुलांच्या ती अंगणातली होती.

सर्जनशील म्हणजे नवे आणि त्याच वेळी प्रसंगाला साजेसे, ही व्याख्या मानसशास्त्रात सर्वसाधारणपणे मान्य आहे. प्रश्न आहे तो नवे कोणाच्या तुलनेत, हा. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सांगितले की, मागील तेवीस वर्षांत नोंदल्या गेलेल्या सुमारे १,२१,००० मानसशास्त्रीय लेखनांपैकी जेमतेम १८६ सर्जनशीलतेविषयी होती. त्यानंतर चाचण्यांना जोर आला. विटेचे किती उपयोग सुचतात असे विचारायचे आणि उत्तरे मोजायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या १९६६ सालच्या प्रसिद्ध चाचणीत कल्पनांची संख्या, त्यांतील वैविध्य, मौलिकता आणि तपशील यांना गुण मिळत, आणि मौलिकता ठरे ती उत्तराच्या दुर्मीळपणावरून. म्हणजे ज्या मुलांच्या उत्तरांवरून दुर्मीळपणाचा तक्ता बनवला, ती मुले कुठली यावर बरेच काही अवलंबून असते. ‘जाळे’ म्हटल्यावर किनाऱ्यावरच्या मुलाला मासे आठवतील, तर कोरड्या मुलखातल्या मुलाला कदाचित भिंतीवरचा कोळी.

शिवाय गोष्ट म्हणजे विटेच्या उपयोगांची यादी नव्हे; तिला कारण लागते, क्रम लागतो, शेवट लागतो. त्यामुळे १९८२ साली मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी मांडलेली पद्धत गोष्टींना अधिक मानवते. त्या क्षेत्राची जाण असलेले अनेक परीक्षक घ्यायचे, त्यांना कोणतेही निकष द्यायचे नाहीत, आपापसांत चर्चा करू द्यायची नाही, प्रत्येकाला कागद वेगवेगळ्या क्रमाने द्यायचे आणि एखाद्या आदर्श कथेशी नव्हे, तर त्याच गठ्ठ्यातील इतर गोष्टींशी तुलना करून गुण मागायचे. परीक्षकांचे गुण एकमेकांशी कितपत जुळतात, हे मग गणिताने तपासतात. पूर्ण जुळणी म्हणजे १ धरून हा जुळणीचा आकडा ०.७ च्या वर गेला तर सहसा समाधान मानतात. निकष न देणे प्रथमदर्शनी बेशिस्तीचे वाटते, पण निकष हाती आले की परीक्षक निकषच वाचू लागतो, असे माझे मत आहे.

आम्ही तिघांनी तो गठ्ठा पुन्हा या रीतीने वाचला. बहुतेक गोष्टींत आजी कंदिलाच्या उजेडात फाटलेले जाळे सांधत होती. एका मुलीच्या गोष्टीत मात्र ती सगळी भोके सांधून शेवटचे एक मुद्दाम तसेच ठेवते आणि कंदील त्या भोकाशी धरते, लहान माशांना घरची वाट दिसावी म्हणून. तिन्ही शब्द एकमेकांना धरून आहेत आणि एकही काढता येत नाही. माझे आणि दुसऱ्या परीक्षकाचे पाच गुण पडले, तिसऱ्याचे दोन. त्या तिसऱ्या परीक्षकांच्या कागदावर ‘कंदिल’ आणि मालवणीतला ‘ठेवलान’ या दोन शब्दांखाली लाल रेघा होत्या. शुद्धलेखनाची ही सावली कल्पनेच्या गुणांवर पडते, म्हणूनच अशा अभ्यासांत गोष्टी टंकून, हस्ताक्षर आणि चुका काढून परीक्षकांना देण्याची काळजी बरेच जण घेतात.

शब्दांमधील अर्थाचे अंतर संगणकाने मोजून, जितके अंतर जास्त तितके नवेपण जास्त असे मानण्याच्या पद्धतीही आता आल्या आहेत. त्या थकत नाहीत, परंतु संगणकाला शिकवलेल्या मजकुरात ‘ठेवलान’ क्वचितच असेल, आणि दूरदूरचे शब्द नुसते शेजारी मांडले तरी अंतर वाढतेच.

एका गोष्टीवरून मुलाला सर्जनशील ठरवणे तर आणखीच कठीण. त्याच मुलांच्या गोष्टी, कविता आणि चिकटचित्रे यांना मिळालेले गुण एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, असे सर्जनशीलतेचे अभ्यासक जॉन बेअर यांच्या अभ्यासांत दिसले. आमच्या त्या मुलीने पुढच्या महिन्यात ‘छत्री’वर लिहिलेली गोष्ट मी उत्सुकतेने उघडली. छत्री हरवते, मुलगी रडते, छत्री सापडते. गठ्ठ्यात तशा अकरा होत्या.