दर आठवड्याला नवे भूत : एका साच्याची पार्श्वभूमी

‘मॉन्स्टर ऑफ द वीक’ या शब्दप्रयोगातला ‘मॉन्स्टर’ पुष्कळदा राक्षस नसतो आणि आता त्यातला ‘वीक’ही फारसा उरलेला नाही, कारण अनेक मालिकांचा अख्खा सीझन एकाच दिवशी समोर येऊन पडतो. तरीही एका भागात उपटणारे आणि त्याच भागात निकालात निघणारे अतिमानवी संकट, एवढ्या अर्थाने हा शब्द टिकून आहे. अशा मालिका अजून ताज्या वाटतात की नाहीत, हा वादही या शब्दाभोवतीच फिरतो.

१९९० च्या दशकाआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. १९६३ ते १९६५ या काळात चाललेल्या ‘द आउटर लिमिट्स’ या अमेरिकी मालिकेच्या निर्मात्यांनी प्रत्येक भागात प्रेक्षकाला दचकवणारे काहीतरी असलेच पाहिजे असा दंडक घातला होता आणि त्या काहीतरीला ते ‘अस्वल’ म्हणत. जपानमध्ये १९६६ साली ‘अल्ट्रा क्यू’ आणि पाठोपाठ ‘अल्ट्रामॅन’ आली. दर आठवड्याला नवा महाकाय प्राणी उभा करणे परवडणारे नसल्याने गॉडझिलाच्या जुन्या पोशाखाला गळ्याभोवती झालर चढवून तोच दुसऱ्या नावाने पडद्यावर आणण्यापर्यंत मजल गेली. अमेरिकेत १९७४-७५ मध्ये ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या मालिकेतल्या बातमीदाराला दर आठवड्याला एक पिशाच्च, एक नरलांडगा किंवा मुंडके नसलेला मोटारसायकलस्वार गाठ पडे. ती २० भागांत आटोपली आणि तोपर्यंत तिच्या साचेबंदपणाला खुद्द मुख्य अभिनेताच विटला होता. शिळेपणाची तक्रार ही काही आजची नव्हे.

आजच्या वादाची भाषा मात्र ‘द एक्स-फाइल्स’ने घडवली. सप्टेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या, अनाकलनीय प्रकरणांचा तपास करणाऱ्या दोन एफबीआय अधिकाऱ्यांच्या या मालिकेचे भाग हळूहळू दोन गटांत मोजले जाऊ लागले : परग्रहवासी आणि सरकारी कटाची सलग कथा सांगणारे ‘मिथॉलॉजी’चे भाग, आणि उरलेले सगळे सुटे. या विभागणीमागे आधीपासून आखलेली योजना होती असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या सीझनच्या वेळी मुख्य अभिनेत्री गरोदर असल्याने तिचे पात्र काही काळ कथेतून दूर ठेवणे भाग होते. त्यातून १९९४ मध्ये तिच्या अपहरणाचे कथानक आले आणि सलग कथेला जो कणा मिळाला तो तिथे. पुढे २००५ मध्ये सलग कथेचे भाग वेगळे काढून चार डीव्हीडी संचांत विकण्यात आले. विक्रीच्या सोयीचा हा निर्णय बऱ्याच प्रेक्षकांना पटला, कारण मालिका ‘झटपट’ पाहण्याची वाट त्याने मोकळी केली. पण त्याच निर्णयाने उरलेल्या भागांवर ‘भरताड’ असा शिक्का बसायला मदत झाली आणि ‘मॉन्स्टर ऑफ द वीक’ हा शब्द रचनेचे वर्णन न राहता कमीपणाचा ठरू लागला.

हा शिक्का किती चुकीचा होता, हे पहिल्या सीझनवरूनच दिसते. मालिकेचा तिसरा भाग सुट्या कथांतला पहिला मानला जातो. त्यातला माणूस दर तीस वर्षांनी जागा होतो, हवेच्या झडपांतून अंग चोरून घरात शिरतो, पाच यकृते खातो आणि वर्तमानपत्रांच्या चिंध्या पित्ताने चिकटवून केलेल्या घरट्यात पुन्हा झोपी जातो. शेवटी तो कोठडीत आहे. पहारेकरी दारातल्या अरुंद फटीतून जेवणाचे ताट आत सरकवतो आणि त्या फटीकडे पाहून तो हसतो. भाग तिथेच संपतो. त्याच सीझनमध्ये पुढे तो सुटून परत येतो, म्हणजे पहिली सुटी कथाही पुरती सुटी नव्हती. जानेवारी १९९४ मधल्या ‘बियॉण्ड द सी’ या भागात नायिकेचे वडील वारतात आणि कशावरही विश्वास न ठेवणारी ही डॉक्टर प्रथमच डळमळते. हे पात्र समजून घ्यायला याहून महत्त्वाचा भाग दाखवणे कठीण आहे. तरीही परग्रहवासी नाहीत म्हणून तो त्या चार संचांत नाही. कथा पुढे सरकणे म्हणजे केवळ कट उलगडणे, असा अर्थ लावल्याचा हा परिणाम होता.

नंतरच्या मालिकांनी तडजोडी शोधल्या. पिशाच्चांशी लढणाऱ्या एका मुलीच्या ‘बफी’ या १९९७ च्या मालिकेने दर आठवड्याच्या संकटावर सीझनभर पुरणारा एक मोठा खलनायक बसवला आणि ती रचना पुढे इतकी उचलली गेली की तीच नवा साचा झाली. गाडीतून गावोगाव फिरत भुतांची शिकार करणाऱ्या दोन भावांची ‘सुपरनॅचरल’ (२००५ ते २०२०) मूळ पाच वर्षांच्या आराखड्यानंतरही थांबली नाही आणि १५ सीझन, ३२७ भाग चालली. देवदूत आणि प्रलयाची तिची सलग कथा दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा मोठे संकट शोधता शोधता दमली. उलट २०१५ मधला, संपूर्णपणे गाडीच्या आतून दाखवलेला एक भाग अकराव्या सीझनमध्येही टवटवीत वाटला. ‘एक्स-फाइल्स’ २०१६ मध्ये सहा भागांपुरती परतली तेव्हाही हेच घडले. पहिला आणि शेवटचा भाग सलग कथेला दिला होता आणि नाराजी मुख्यतः त्यांच्याविषयी होती. वाहवा झाली ती माणूस चावल्यामुळे माणूस होणाऱ्या सरड्यासारख्या प्राण्याच्या सुट्या गोष्टीची.

आता बदलले आहे ते गणित. एका सीझनला २२ ते २४ भाग असत तेव्हा चार फसले तरी चालत, आणि त्या मोकळीकीतच विचित्र प्रयोग होत. आठ-दहा भागांच्या सीझनमध्ये सलग कथाच जेमतेम मावते, त्यामुळे सुट्या गोष्टीला एखाद-दुसरी जागा मिळते आणि ती वाया गेली की दोष साच्यावर येतो. ‘ईव्हिल’ (२०१९ ते २०२४) पारंपरिक वाहिनीवर सुरू होऊन पुढे स्ट्रीमिंगवर गेली, पण भागागणिक एक प्रकरण ही रीत तिने बऱ्याच अंशी सोडली नाही. तिने बदल केला तो निकालात : अंगात आलेले खरेच भूत आहे की मनाचा आजार, हे भाग संपल्यावरही अनेकदा ठरत नाही, आणि तपास करणारे तिघे वेगवेगळी मते घेऊन पुढच्या प्रकरणाकडे वळतात.