ऑटोपायलटशी आधी झटापट कशाला?

छोट्या विमानाच्या उड्डाणापूर्वीच्या तपासणीतलं एक काम नवख्याला विचित्र वाटतं. विमान जमिनीवरच उभं असतं, इंजिन सुरू. वैमानिक ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप सांभाळणारं यंत्र, लावतो आणि लगेच योक (विमान वळवायचं हँडल) धरून त्याच्याविरुद्ध जोर लावतो. योक हलवणाऱ्या मोटरचा क्लच घसरून हात जिंकला पाहिजे. मग योकवरचं लाल बटण दाबायचं, ऑटोपायलट सुटल्याचा आवाज ऐकायचा आणि योक मोकळा फिरतोय ना, हे पाहायचं. गोव्यातून पायलट व्हायला बारामती-गोंदियाकडे जाणारी मुलं ही यादी घोकतात. तिच्यातली कलमं कुठून आली, हे मात्र सहसा कोणी सांगत बसत नाही.

सुरुवात पॅरिसची. १८ जून १९१४ रोजी सीन नदीवर एकवीस वर्षांच्या लॉरेन्स स्पेरीने कर्टिस बनावटीचं उडतं जलविमान प्रेक्षकांसमोरून नेलं, तेही दोन्ही हात वर करून. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक एमिल काशँ चक्क पंखावर चालत गेला. तोल ढळला, पण ऑटोपायलटमधल्या जायरोस्कोपने, म्हणजे वेगाने फिरत आपली दिशा धरून ठेवणाऱ्या चक्राने, विमान पुन्हा सरळ केलं. १९३३ मध्ये वायली पोस्टने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा सोबतीला स्पेरी कंपनीचा ऑटोपायलट होता.

मोठ्या विमानांत तो रुळला, छोट्यांना मात्र जड आणि महाग पडत राहिला. गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात हा फरक एकाच आवारात दिसतो. सुपर कॉन्स्टेलेशन समुद्रावर तासन्‌तास गस्त घालायचं, त्यात ऑटोपायलट होता. एचटी-२ हे शिकाऊ विमान, तिथे सगळा भार हातापायांवर.

छोट्या विमानालाही हे यंत्र हवं, असं वाटायला लावणारा एक प्रयोग १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात झाला. फक्त उपकरणं पाहून उडवण्याचं प्रशिक्षण नसलेल्या वीस जणांना ढगात शिरल्यासारखी स्थिती दिली. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आलं नाही; सरासरी १७८ सेकंदांत ताबा सुटला. जुलैत गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांवर ढग कसे टेकतात हे पाहिलेल्याला यातली भीती वेगळी समजावायला नको.

१९६५ पासून मूनी कंपनीने पंख समतल ठेवणारी यंत्रणा विमानात कायमच चालू ठेवली. वळायचं तर योकवरचं बटण दाबून धरायचं, तेवढ्यापुरती ती बंद. कंटाळलेल्या वैमानिकांनी त्या बटणावर रबरबँड चढवले! सुरक्षेची सोय अंगठ्याला जाचली की माणूस तिची वाट लावतोच.

खरी मेख वेगळीच होती. बऱ्याच जुन्या ऑटोपायलटना विमानाची स्थिती सांगणारा जायरो इंजिनवरच्या व्हॅक्यूम (हवा ओढणाऱ्या) पंपावर चालायचा. पंप बंद पडला की जायरो हळूहळू कलंडतो, आणि ऑटोपायलट इमानेइतबारे त्याच्यामागे विमानही कलंडवतो. म्हणून पुढे अनेक उत्पादकांनी विजेवर चालणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरकडून (विमानाचं वळण दाखवणाऱ्या उपकरणाकडून) माहिती घेणारे ऑटोपायलट आणले. इंजिन सुरू केल्यावर व्हॅक्यूमचा काटा पाहण्याचं महत्त्व इथून कळतं.

ट्रिमचा, म्हणजे योकवर सतत जोर लावावा लागू नये म्हणून असलेल्या सोयीचा, धोका त्याहून फसवा. सेसना १७२ मध्ये सर्रास दिसणाऱ्या केएपी १४० या ऑटोपायलटच्या ऑटोट्रिम (आपोआप ट्रिम फिरवण्याची सोय) असलेल्या प्रकारात, ऑटोपायलट चालू असताना योक ढकलून किंवा ओढून धरला तर यंत्राला वाटतं नाक जड झालंय किंवा हलकं. ते उलट्या दिशेने ट्रिम फिरवत राहतं. मग ऑटोपायलट सुटला की तो सगळा साठलेला जोर एकदम हातावर येतो. म्हणजे जमिनीवरची ती झटापट क्षणभराचीच. हवेत काही बिनसलं तर भांडत बसायचं नाही, आधी सोडवायचा. त्यासाठीच तपासणीत ट्रिमचं चाक खरंच फिरतं का आणि बटण दाबताच थांबतं का, हे डोळ्यांनी पाहतात. उड्डाणापूर्वी ऑटोपायलट बंद आणि ट्रिम टेकऑफच्या खुणेवर, हेही त्याच यादीत.

२०१७-१८ पासून जुन्या विमानांतही स्वस्त डिजिटल ऑटोपायलट बसवायला अमेरिकेत वाट मोकळी झाली. फिरत्या जायरोंच्या जागी चिपवरचे सेन्सर आले, एका बटणात विमान समतल करण्याची सोय आली. वीज मिळताच यंत्र स्वतःची चाचणी करतं, पण ती मुख्यतः त्याच्या आतल्या सर्किटांची. केबल अडकली आहे का, क्लच घसरतो का, हे हातानेच पाहावं लागतं. आणि बटणही चाललं नाही तर? त्याची वीज तोडणारा सर्किट ब्रेकर ओढायचा. घाईत बोट चुकीच्या ठिकाणी जाऊ नये म्हणून पुष्कळ जण त्याला रंगीत कडं घालून ठेवतात.