भुवनचंद्र खंडुरी : राज्य राजकारणातील कारकीर्द

भुवनचंद्र खंडुरी (जन्म १ ऑक्टोबर १९३४) हे भारतीय भूसेनेतील निवृत्त मेजर जनरल, भारतीय जनता पक्षाचे नेते आणि उत्तराखंडाचे दोन वेळा (२००७–०९ व २०११–१२) मुख्यमंत्री. सेनेच्या अभियंता दलात ते १९५४ मध्ये दाखल झाले. अलाहाबाद विद्यापीठाखेरीज पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. अति विशिष्ट सेवा पदकाचे ते मानकरी आहेत. साडेतीन दशकांच्या या सेवेविषयीची छापील माहिती बहुतांशी हुद्दे आणि पदके एवढ्यावरच थांबते.

सेनेतून आलेले देशातील पहिले मुख्यमंत्री म्हणून वृत्तपत्रांतून त्यांचा उल्लेख होतो, तो ग्राह्य धरता येत नाही. १९६७ मध्ये हरियाणाचे मुख्यमंत्री झालेले राव बिरेंद्र सिंह हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात कॅप्टन होते. मिझोरममध्ये ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो १९७८ मध्ये मुख्यमंत्री झाले, तर पंजाबात कॅप्टन अमरिंदर सिंग २००२ मध्ये. मात्र ही तिन्ही उदाहरणे एका जातीची नाहीत. राव बिरेंद्र सिंह आणि अमरिंदर सिंग यांची लष्करी सेवा अल्पकाळाची होती, आणि दोघांमागेही जुनी घराणी उभी होती. सायलो मात्र पूर्ण सेवा करून १९७४ मध्ये निवृत्त झाले, नागरी हक्कांच्या प्रश्नावर संघटना उभारली आणि पीपल्स कॉन्फरन्स हा पक्ष काढून सत्तेवर आले. खंडुरींशी खरी तुलना होऊ शकते ती त्यांचीच. अडचण एवढीच, की मिझोरम तेव्हा केंद्रशासित प्रदेश होता. त्याला राज्याचा दर्जा १९८७ मध्ये मिळाला. त्यामुळे ‘पूर्णवेळ लष्करी कारकीर्दीनंतर पूर्ण राज्याचे मुख्यमंत्री’ अशी अट घातली, तरच खंडुरींचे पहिलेपण टिकते. हुद्द्याने मात्र ते या चौघांत सर्वांत वरचे. शिवाय घराण्याचा मुद्दा त्यांनाही पुरता चुकलेला नाही : उत्तर प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा हे त्यांचे मामा.

गढवाल मतदारसंघातून ते १९९१ मध्ये प्रथम लोकसभेवर गेले. १९९६ मध्ये सतपाल महाराज यांनी त्यांना हरवले. १९९८, १९९९ आणि २००४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. लॅन्सडाउन येथे गढवाल रायफल्सचे केंद्र असलेल्या या भागात घरटी कोणी ना कोणी फौजेत असते, आणि ‘जनरल साहब’ या संबोधनाला मतांचे मोल असते. वाजपेयी मंत्रिमंडळात रस्ते वाहतूक व महामार्ग खाते त्यांच्याकडे होते. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना महामार्गांनी जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोन योजनेच्या कामामुळे त्यांचे नाव पहाडाबाहेर पोहोचले.

२००७ च्या निवडणुकीत भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला. मुख्यमंत्रिपदाचे दुसरे दावेदार भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आमदारांचा कल कोश्यारींकडे अधिक होता असे सांगितले जाते. निर्णय मात्र दिल्लीत झाला. खासदार असलेल्या खंडुरींना विधानसभेत आणण्यासाठी जागा मोकळी केली ती धुमाकोटचे काँग्रेस आमदार तेजपालसिंह रावत यांनी. तेही निवृत्त लेफ्टनंट जनरल. पुढे २००८ मध्ये खंडुरींनी सोडलेली लोकसभेची जागा रावत यांनी भाजपतर्फे जिंकली. एका जनरलाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असा हा अदलाबदलीचा व्यवहार राज्यांच्या राजकारणात विरळाच.

पहिल्या कारकीर्दीत काटकसर आणि शिस्त यांमुळे नोकरशाहीत दरारा निर्माण झाला. आमदार मात्र दुरावले. मुख्यमंत्री भेटत नाहीत, अधिकाऱ्यांवर विसंबतात, ही त्यांची तक्रार होती. २००९ मध्ये भाजपने राज्यातील पाचही लोकसभा जागा गमावल्या आणि खंडुरींनी राजीनामा दिला. रमेश पोखरियाल ‘निशंक’ त्यांच्या जागी आले. त्यांच्या सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप वाढू लागले, तेव्हा सप्टेंबर २०११ मध्ये पक्षाने खंडुरींनाच परत बोलावले.

दुसरी कारकीर्द सहा महिन्यांची, पण ओळखली जाते ती भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या लोकायुक्त संस्थेच्या विधेयकामुळे. दिल्लीत रामलीला मैदानावरील अण्णा हजारे यांच्या लोकपालासाठीच्या उपोषणाला दोन-तीन महिने झाले असताना, नोव्हेंबर २०११ मध्ये ते विधानसभेत मंजूर झाले. स्वतः लष्करात वाहनचालक राहिलेल्या हजारे यांनी त्याचे स्वागत केले. मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदार यांना कक्षेत आणणे हे त्याचे वैशिष्ट्य. परंतु मुख्यमंत्री, मंत्री वा आमदार यांच्याविरुद्ध चौकशी किंवा खटला चालवायचा, तर लोकायुक्त संस्थेच्या अध्यक्षांसह सर्व सदस्यांचे एकमत आवश्यक ठरवले होते. एकाही सदस्याने नकार दिला की कारवाई अडते, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला, आणि कलम वाचता तो निराधार वाटत नाही. समर्थकांच्या मते सूडाच्या तक्रारी रोखण्यासाठी ती तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये मिळाली. तोवर सरकार बदलले होते आणि २०१४ मध्ये नवा कायदा आणून जुना मोडीत काढण्यात आला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी केलेल्या कायद्याचेही असेच झाले.

‘खंडुरी है जरूरी’ या घोषणेवर भाजपने २०१२ ची निवडणूक लढवली. ७० पैकी काँग्रेसला ३२ आणि भाजपला ३१ जागा मिळाल्या. स्वतः खंडुरी कोटद्वारमध्ये काँग्रेसचे सुरेंद्रसिंह नेगी यांच्याकडून सुमारे साडेचार हजार मतांनी पराभूत झाले. धुमाकोट मतदारसंघ पुनर्रचनेत नाहीसा झाल्याने त्यांना नवी जागा शोधावी लागली होती. पराभवाचे खापर समर्थक पक्षांतर्गत दगाफटक्यावर फोडतात. तेही एक कारण असू शकेल; पण नेगींची स्थानिक पकड आणि मतदारसंघाचा नवखेपणा ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाले ते विजय बहुगुणा, खंडुरींचे मामेभाऊ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. कोटद्वारची जागा २०२२ मध्ये खंडुरींच्या कन्या ऋतु खंडुरी यांनी नेगींना हरवून जिंकली. त्या विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या.

खंडुरी २०१४ मध्ये पुन्हा लोकसभेवर गेले व संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. सैन्याच्या सामग्रीच्या जुनाटपणावर बोट ठेवणारा समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्याच वर्षी अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेले. २०१९ ची निवडणूक खंडुरींनी लढवली नाही.