गुरू लघिमा की गुरू पथिक?

शाळेत वृत्तं शिकताना ज्याने लघु-गुरूच्या खुणा मांडल्या आहेत, त्याला 'गुरू लघिमा' हे नाव ऐकून हसू यायलाच हवं. गुरू म्हणजे जड आणि लघिमा म्हणजे हलकेपणा. 'अवतार' या अमेरिकी कार्टून मालिकांच्या काल्पनिक जगाच्या इतिहासात या नावाचा एक सत्पुरुष आहे. त्यातल्या दुसऱ्या मालिकेची नायिका कोर्रा, तिच्या काळाच्या चार हजार वर्षं आधी तो होऊन गेला आणि आयुष्याची शेवटची 40 वर्षं त्याने जमिनीला पाय लावला नाही, असं तिथे सांगतात.

माझी भाची ही सगळी मालिका सध्या तिसऱ्यांदा बघते आहे. परवा तिने विचारलं, "मामा, तो कांदा-केळ्याचा रस पिणारा म्हणजेच लघिमा ना रे?" नाही गं बाई, तो पथिक. पण तिची चूक होणं साहजिक आहे. दोघेही गुरू, दोघांची नावं संस्कृत, दोघांचा संबंध एअर नोमॅड्सशी, म्हणजे वारा वळवणाऱ्या भटक्या साधूंच्या लोकांशी. आणि दोघांचंही सांगणं वरवर एकच वाटतं: आसक्ती सोड.

पथिक आपल्याला प्रत्यक्ष भेटतो. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'च्या दुसऱ्या पर्वाच्या अखेरीला, डिसेंबर 2006 मध्ये दाखवलेल्या भागात तो पूर्वेच्या वायुमंदिरात एकटाच बसलेला दिसतो. त्याचं वय सुमारे दीडशे. एवढं वय देणं भागच होतं, कारण शंभर वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या ग्यात्सो या भिक्षूचा तो मित्र, आणि ग्यात्सो म्हणजे मालिकेचा बालनायक अँग याला लहानाचा मोठा करणारा. पण पथिक स्वतः एअरबेंडर, म्हणजे वारा वळवणारा, नाही. त्या लोकांचा तो अध्यात्मातला भाऊ, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत गुरुबंधू म्हणा. हा फरक सगळ्यात आधी लक्षात ठेवावा, कारण लघिमा मात्र जन्माने एअरबेंडरच होता.

पथिकाची शिकवणी ज्या ओढ्याकाठी सुरू होते, तो प्रसंग मला फार आवडतो. ओढ्यात लहान लहान डोह आहेत, पाणी एका डोहात गोल फिरतं आणि पुढच्यात जातं. मध्ये शेवाळ साचलं की वाट तुंबते. पथिक काठीने ते बाजूला करतो आणि पाणी वाहू लागतं. शरीरातल्या चक्रांचंही तसंच, इतकं सोपं. मग तो एकेक चक्र घेतो: पृथ्वीचं भीतीने तुंबतं, पाण्याचं अपराधीपणाने, अग्नीचं लाजेने, वायूचं दुःखाने, नादाचं खोटेपणाने, प्रकाशाचं भ्रमाने आणि शेवटचं, विचाराचं, ऐहिक आसक्तीने. मूलाधारापासून सहस्रारापर्यंतची ही चढण आपल्या ओळखीची आहे. भावनांची वाटणी मात्र आधुनिक धर्तीची. आपल्या जुन्या ग्रंथांत ती अशी सापडत नाही.

गाडी सातव्या चक्रावर अडते. पथिक सांगतो, कटाराला, म्हणजे अँगचा जिच्यावर जीव आहे त्या मैत्रिणीला, मनातून सोड. अँग भडकतो: तीनच चक्रांपूर्वी तिच्यावरचं प्रेम चांगलं होतं, आता अचानक वाईट कसं? मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझ्या मते पथिकाकडे त्याला धड उत्तर नाही. कटारा संकटात असल्याचं दिसताच अँग धडा अर्धा टाकून निघून जातो.

लघिमाची तऱ्हा वेगळी. तो कथेत येतो तो मुख्यतः दुसऱ्यांच्या तोंडून, आणि दुर्दैवाने सर्वात जास्त झहीरच्या. 'द लेजंड ऑफ कोर्रा'च्या 2014 मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वातला हा खलनायक. राजे-राण्या, सरकारं, खुद्द अवतार (चारही तत्त्वं वळवू शकणारा जगाचा रक्षक; आधी अँग, मग कोर्रा), सगळं उलथून टाकायला निघालेला, आणि तुरुंगात बसून लघिमाची वचनं पाठ करणारा. आपल्याकडेही कोणत्या संताची ओवी कोण कुठल्या भाषणात वापरेल याचा नेम नाही, तसंच हे.

लघिमाच्या शिकवणीत चक्रांची पायरी-पायरीची चढण नाही. जमिनीशी बांधून ठेवणारा दोर सोड, शून्यात शिर, रिकामा हो, वारा हो, एवढंच. नावाचा उगम उघड आहे. अणिमा, महिमा, गरिमा, लघिमा... अष्टसिद्धींतली ही एक. (मराठीत महिमा पुल्लिंगी आणि गरिमा मुलीचं नाव, त्यामुळे काहींना लघिमा ही बाई वाटते. संस्कृतात ही सगळी मंडळी पुल्लिंगीच.) पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात शरीर आणि आकाश यांच्या संबंधावर व कापसासारख्या हलकेपणावर चित्त एकाग्र केलं की आकाशगमन साधतं, असं येतं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला योगी तर वाऱ्याच्या घोड्यावर स्वार होतो आणि पाण्यावर चालला तरी त्याचं पाऊल पाण्याला लागत नाही. त्या अवस्थेतल्या देहाला माउली 'खेचर' म्हणतात. लघिमाला याहून नेमकं मराठी विशेषण मला सुचत नाही.

नावांतच खूण आहे, हे भाचीला सांगितलं तेव्हा तिला पटलं. पथिक म्हणजे वाटसरू, त्याला वाट लागते, पायाखाली जमीन लागते. लघिमाला तीच नको. पथिक सांगतो ते अँगला पुन्हा जगात पाठवण्यासाठी, अवतार म्हणून त्याची शक्ती त्याच्या ताब्यात यावी म्हणून. युद्ध संपवायचं आहे, माणसं वाचवायची आहेत, त्यासाठी आधी स्वतःचा तोल. लघिमाच्या बाबतीत असं कुठलंच पुढचं काम सांगितलेलं नाही.

इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. उत्तरेच्या वायुमंदिराजवळ एक सुळका आहे, त्याचं नावच लघिमाचं शिखर. तिथल्या लढाईत झहीरची प्रेयसी मरते. तिच्यासोबत त्याचा शेवटचा दोर तुटतो, आणि तो कोर्राला घेऊन कड्यावरून उडी मारतो. खाली पडत नाही. तो उडतो. मग लोक म्हणतात, बघा, अँगला जे जमलं नाही ते झहीरने केलं, पथिकाचा सातवा धडा यानेच पुरा केला.

मला हे मुळीच मान्य नाही. पथिकाच्या हिशोबात सातव्याच्या आधी सहा आहेत, आणि चौथं दुःखाचं आहे. तिथे पथिक अँगला गमावलेल्या लोकांसाठी आधी रडू देतो, ते प्रेम दुसऱ्या रूपाने परत येतं हे दाखवतो. झहीरला रडायलाही उसंत मिळत नाही. त्याने दोर सोडलाही नाही, तो कापला गेला. उडायला तेवढं पुरलं, हे मान्य. पण विभूतिपादातच ताकीद आहे की सिद्धी समाधीच्या आड येतात. लघिमाने 40 वर्षं अधांतरी राहून कोणाचा गळा धरल्याचं कुठे ऐकू येत नाही. झहीर हवेत गेल्या गेल्या कोर्राला विष देऊन मारायच्या कामाला लागतो.

चौथ्या पर्वात कोर्रा त्याला भेटायला तुरुंगात जाते तेव्हा तो जमिनीपासून वर तरंगत असतो, साखळ्यांनी बांधलेला. हे दृश्य भाचीला दाखवलं आणि विचारलं, "सांग, हा कोणाचा शिष्य?" ती म्हणाली, "लघिमाचा. पण त्याला कांदा-केळ्याचा रस पाजायला हवा होता."