लॅपटॉप बारीक केला, पण उष्णता ठेवायची कुठे?

१५ जानेवारी २००८ ला सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर ऑफिसात कागद फिरवायचं साधं पाकीट उघडलं आणि त्यातून अख्खा लॅपटॉप बाहेर काढला, तो पहिला मॅकबुक एअर. सगळ्यांना ते पाकीटच आठवतं. मला मात्र त्याच्या आतली हार्ड डिस्क भारी वाटते, १.८ इंची, ८० जीबीची, मिनिटाला ४२०० फेरे मारणारी, आयपॉडमध्ये असायची त्याच जातीची, म्हणजे बारीक व्हायच्या नादात लॅपटॉपने चक्क गाणी ऐकायच्या डबीतला पार्ट पोटात घातला होता! सीडी ड्राइव्ह गायब, यूएसबी पोर्ट एकच, किंमत १७९९ डॉलर.

बारीकपणात थोडी नजरबंदीही होती बरं का. कड ०.१६ इंच पण मधलं पोट ०.७६ इंच, आणि आपली नजर जाते कडेवर, पोट सावलीत लपतं.

खरी अडचण वेगळीच. चिप जेवढी वीज खाते ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते, १५ वॉटची चिप म्हणजे १५ वॉटचा छोटा हीटरच समजा. बॉडी पातळ केली की पंख्याला जागा नाही, हवा खेळायला जागा नाही, मग चिप तापते आणि स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते, याला थ्रॉटलिंग म्हणतात, पण सरळ सांगायचं तर चिपला दम लागतो. पहिल्या एअरला तो लवकर लागायचा.

२०१० मध्ये फिरती डिस्क जाऊन काहीच न फिरणारी फ्लॅश मेमरी आली, ११ इंची मॉडेल ९९९ डॉलरला मिळायला लागलं आणि एअर खऱ्या अर्थाने लोकांचा झाला. २०१३ मध्ये इंटेलच्या हॅसवेल चिपबरोबर १३ इंची एअरची बॅटरी कंपनीच्या हिशोबाने ७ तासांवरून १२ तासांवर गेली. बॅटरी किंचित मोठी झाली होती, पण मुख्य कमाल झोपेची, तुम्ही दोन अक्षरं टाइप करता त्या मधल्या वेळात प्रोसेसर डुलकी काढायला शिकला होता.

२०१८ ला जास्त बारकाईची रेटिना स्क्रीन आली, सोबत तो बटणं अडकण्यासाठी बदनाम बटरफ्लाय कीबोर्ड (२०२० मध्ये काढावा लागला). त्या एअरमध्ये पंखा होता, पण चिपवरची उष्णता पंख्यापर्यंत नेणारी पाइपच नव्हती, पंखा आपला कोपऱ्यात बसून फिरतोय. हे डिझाइन मला अजून झेपलेलं नाही.

मग नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची स्वतःची चिप एम१ आली आणि पंखाच काढून टाकला. हे जमलं कसं? चिपची वीज ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गावर (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) आणि तिच्या आतल्या घड्याळाच्या, म्हणजे ठोक्यांच्या, वेगावर चालते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडून मार. एम१ ने घड्याळ फार पळवलं नाही, एका ठोक्यात जास्त काम उरकलं. ५ नॅनोमीटर नावाच्या चिप बनवायच्या तंत्रावर १६०० कोटी ट्रान्झिस्टर (इवले इवले स्विच), हलक्या कामांना चार वेगळे काटकसरी कोअर (चिपमधले हिशोब करणारे भाग), आणि मेमरी चिपला अगदी खेटून, कारण डेटा लांब न्यायचा म्हटलं की त्याचीही वीज लागते. ॲपलने एअरच्या शरीराला झेपणारी मर्यादा १० वॉट धरली होती, त्यात हे सगळं बसवलं.

काही उत्साही लोकांनी एअर उघडून चिपवरचा पत्रा आणि खालचं झाकण यांच्यामध्ये थर्मल पॅड, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्ट्या, कोंबले. जड काम लावल्यावर स्पीड जास्त वेळ टिकला, पण तळ चांगलाच तापायला लागला. सिलिकॉन ९० डिग्रीलाही कुरकुरत नाही, मांडी मात्र ४५ लाच ओरडते!

२०२२ च्या एम२ एअरने निमुळता आकारही सोडला, सगळीकडे सारखी ११.३ मिलिमीटर जाडी, आधीच्याचं पोट १६.१ होतं. पुढच्या वर्षी १५ इंची आला, चिप तीच, पंखा नाहीच, फक्त उष्णता पसरायला ॲल्युमिनियम जास्त.